नाटकाची रात्र आणि गिरणीचा भोंगा

मराठी रंगभूमीचा इतिहास ज्यांनी ज्यांनी लिहिला, त्यांनी तो बहुतेक रंगमंचावर उभे राहून लिहिला. कोणत्या नटाने कोणती भूमिका गाजवली, कोणते पद कोणत्या रागात बांधले, कोणत्या मंडळीने कोणत्या साली कोणते नाटक लावले, ह्याच्या नोंदी आपल्याकडे मुबलक आहेत. पण समोर बसलेला माणूस त्या रात्री घरी किती वाजता पोचला, मध्ये त्याला डुलकी लागली की नाही, आणि उजाडल्यावर त्याला कामावर जायचे होते की नव्हते, हे विचारण्याची तसदी फारशी कुणी घेतलेली नाही. आज आम्ही तेवढाच प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभे आहोत.

हा प्रश्न आम्हांला एखाद्या ग्रंथातून सुचला, असे म्हटले तर ते खोटे होईल. तो आमच्याच एका चुकीतून निघाला. काही वर्षांपूर्वी यंत्रमाग कामगारांच्या एका लढ्यासाठी निधी जमवायचा होता. आम्ही उत्साहाने एक जुने संगीत नाटक ठरवले. नऊची वेळ छापली होती. पाहुणे पावणेदहाला आले. मग हार, मग प्रास्ताविक, मग आमचे भाषण. ते पाऊण तास चालले, हे आम्हांला दुसऱ्यांनी सांगितले. आम्हांला ते दहा मिनिटांचे वाटले होते. पडदा उघडला तेव्हा अकरा वाजत आले होते. एक वाजून गेल्यावर आम्ही मागे वळून पाहिले, तो निम्मे सभागृह झोपलेले! पुढच्या दोन रांगा तेवढ्या जाग्या होत्या आणि त्याच 'वन्समोअर' मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही रागावून एका वयस्कर कामगाराला म्हणालो, "मामा, एवढी मोठी कला समोर चालली होती आणि तुम्ही घोरत होता!" मामा शांतपणे म्हणाले, "अण्णा, नाटक लई ब्येस हुतं. पर सकाळी सातला मागावर हुभं ऱ्हायाचं हुतं, त्येचं काय?"

ह्या 'त्येचं काय'ला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा सवयीप्रमाणे आम्ही वाचनालयाची वाट धरली आणि रंगभूमीचे इतिहास एका बाजूला, कारखाना कायद्याची पुस्तके दुसऱ्या बाजूला, अशी ठेवून वाचू लागलो. दोन्हींतल्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर जे दिसले ते सांगतो.

आरंभ सांगलीपासून केला पाहिजे. १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्यापुढे झाला. राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे काही करावयास सांगितले आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभे राहिले. ह्या नाटकांची घडण पाहा. आधी सूत्रधाराचे मंगलाचरण, मग विदूषक, मग गणपती, मग सरस्वती, त्यानंतर कथा. कथा सूत्रधार पदांतून गाणार आणि पात्रे आपापली भाषणे जागच्या जागी रचणार. राक्षसाची आरोळी आणि त्याचे युद्ध ह्यांना तर काळवेळाचे बंधनच नव्हते. मशाली आणि दिवट्या जळत आहेत तोवर खेळ चालावयाचा. ज्याच्यासाठी खेळ चालला होता तो संस्थानिक होता. त्याची पहाट त्याच्या हुकमात होती. त्याला उशिरा उठण्याबद्दल कोण विचारणार?

परंतु १८५१ साली राजेसाहेब वारले आणि राजाश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. आमच्या मते मराठी प्रेक्षकाचा जन्म खरा इथे झाला. तोवर बसणारा पाहुणा तरी होता किंवा आश्रित तरी. आता तो पैसे मोजून आत येऊ लागला. पैसे मोजणाऱ्याला दोन इच्छा असतात: मोबदला भरपूर मिळावा आणि आपला वेळ फुकट जाऊ नये. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे मराठी नाटकाने ह्यांतली पहिली इच्छा ओळखली. दुसरी ओळखायला त्याला फार वेळ लागला.

१८८० साली ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले. त्या दिवशी पहिले चारच अंक झाले. सातही अंक मागाहून आले. ह्या एका नाटकात दोनशेच्या आसपास पदे होती. १८८२ च्या 'सौभद्रा'तही शंभराहून अधिक. रात्री नऊ-साडेनऊला बसलेला माणूस पहाटेच्या सुमारास उठे. लोक ह्याला कंटाळत नसत, असे आपण नेहमी ऐकतो. पदे चटकदार, चाली ओळखीच्या, कथा पाठ असलेली. त्यामुळे थोडा डोळा लागला तरी काही चुकत नसे, हे खरेच आहे. पण हे 'लोक' कोण, ते पाहू. वकील, कारकून, मास्तर, पेढीवाले, विद्यार्थी, इनामदार. ह्यांतल्या बहुतेकांची सकाळ दहा-अकराला सुरू होत होती.

त्याच काळात मुंबईच्या गिरणीतला माणूस काय करीत होता? १८८१ चा पहिला कारखाना कायदा केवळ मुलांपुरता होता. मोठ्या माणसाच्या कामाला तासांची सीमाच नव्हती. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि रविवारची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून सभा भरवल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे 'शाकुंतल' लागल्यावर जवळजवळ दहा वर्षे हा माणूस शनिवारच्या रात्रीही जागू शकत नव्हता, कारण रविवारी सकाळी भोंगा व्हायचाच. तो नाटकाला येत नसे ह्यावरून त्याला संगीताची गोडी नव्हती, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला आम्हांला दिसला नाही.

पुढे दिवे आले. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे बसलेल्या मुंबईतील गिरण्यांत चौदा-चौदा तास काम चालू लागले. रात्र उजळली ती कामगारासाठी नव्हे, त्याच्याकडून जास्त काम घेण्यासाठी. इकडे नाटकगृहांतही मशाली जाऊन किटसनचे आणि मागाहून विजेचे दिवे आले, आणि त्यांनी रंगभूमीचे वैभव उजळले. एकाच सुधारणेने एकाची रात्र रमणीय केली आणि दुसऱ्याची खाऊन टाकली. प्रौढ पुरुषाच्या कामाला पहिली सीमा घातली ती १९११ च्या कायद्याने, तीही कापडगिरण्यांपुरती आणि बारा तासांची!

ते १९११ साल आपल्या नाट्येतिहासात वेगळ्याच कारणासाठी सोन्याने लिहिलेले आहे. १२ मार्चला खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, बालगंधर्वांची भामिनी. ह्या नाटकात पदे पन्नासच्या घरात. म्हणजे 'शाकुंतला'च्या पाव पट. मग रात्र पाव पट झाली काय? मुळीच नाही. पदांची संख्या उतरली आणि एकेका पदाची लांबी चढली. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्यालगायकाची तालीम मिळाली. जे पद पूर्वी कथा पुढे ढकलून मोकळे होई, ते आता आलाप-तानांनी फुलू लागले. रुक्मिणी पत्र लिहावयास बसली की पत्र राहिले बाजूला! त्यावर 'वन्समोअर'. पुन्हा तेच पद, पुन्हा नव्या ताना, पुन्हा टाळ्या.

ह्या गाण्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून आजही अंगावर काटा येतो. त्या काळच्या माणसाने ते सुख समोर बसून घेतले. त्याचा आम्हांला हेवाच वाटतो. परंतु 'वन्समोअर' ही काय चीज होती, हे नीट पाहावे. तो प्रेक्षकाचा हक्क होता, असे म्हणतात. हक्क खराच, पण कुणाचा? ज्याचा आवाज रंगमंचापर्यंत पोचतो त्याचा. पुढच्या खुर्चीवरचा रसिक ओरडला की नाटक दहा मिनिटे थांबे. पिटात मागे बाकावर बसलेला माणूस 'आता पुरे, पुढे चला' असे म्हणाला तर तो अरसिक ठरे. म्हणजे लांबवण्याचा हक्क होता, आवरण्याचा नव्हता. आम्ही सभांमध्ये आयुष्य घालवले आहे. जिथे एकाच बाजूचे हात मोजले जातात त्या मतदानाला काय म्हणतात, ते आम्हांला ठाऊक आहे.

'मानापमाना'च्या त्या पहिल्या रात्रीची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, गायले. कलानिष्ठेचा आदर्श म्हणून ही हकीकत सांगितली जाते, आणि त्या निष्ठेपुढे आम्हीही मान लववतो. पण कामगार संघटनेत केस पिकलेल्या माणसाला त्यात आणखीही काही दिसते. तेव्हा ते स्वतःच्या मंडळीचे मालक झालेले नव्हते. गंधर्व नाटक मंडळी निघाली ती १९१३ साली. १९११ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीतले एक नट होते. जाहिरात झालेली, तिकिटे विकलेली, सारी मंडळी एका नटाच्या गळ्यावर अवलंबून. तिकडे नट गळा मोकळा ठेवून आणि डोळे कोरडे ठेवून रात्र काढतो आहे, इकडे प्रेक्षक पुन्हा एकदा म्हणतो आहे. त्या लांब रात्रीचा भार बाकावरच्या माणसाने जसा सोसला, तसा रंगमंचावरच्याही माणसाने सोसला. पडद्यामागे दोर ओढणारे, दिवे सांभाळणारे, पेट्या वाहणारे ह्यांनी किती सोसला, ते तर कुठेच लिहिलेले नाही.

मग ही रात्र आखडली कशी? इतिहासकार सांगतात ते असे: इब्सेनचे वारे आले, १९३३ च्या १ जुलैला 'नाट्यमन्वंतर' संस्थेने वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' केले. मूळ नाटक ब्यर्न्सनचे, पदे मोजकी, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केलेल्या. पुढे मो. ग. रांगणेकरांनी 'नाट्यनिकेतन' काढून १९४२ च्या 'कुलवधू'सारखी आटोपशीर नाटके दिली आणि तीन तासांचे नाटक रूढ झाले. ह्यातले काहीही खोटे नाही. परंतु विचारांचे वारे एकटे रात्र कापीत नाहीत. त्याच वर्षांत प्रेक्षकाच्या भोवती काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे.

१९२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत विजेवरची पहिली आगगाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली. माणसे शहराबाहेर राहू लागली आणि त्यांच्या हातात वेळापत्रक आले. ज्याला शेवटची गाडी गाठायची आहे त्याला पाचवा अंक बघवत नाही. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. बोलपट ठरल्या वेळी सुरू होई आणि ठरल्या वेळी संपे, कारण पुढच्या खेळाचे लोक दाराशी उभे असत. पडद्यावरच्या नटाला 'वन्समोअर' देता येत नाही. नाट्यप्रेमी मंडळींनी बोलपटाला पुष्कळ दोष दिला. परंतु 'तुमचा खेळ अमुक वाजता संपेल' असे वचन प्रेक्षकाला बोलपटानेच पहिल्याने दिले, हे श्रेय त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

आणि कायद्याची पुस्तके? १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे काम ६० तासांवर आणले, दिवसाचे ११ वर. १९३४ च्या कायद्याने ५४ आणि १०. १९४६ मध्ये ४८ आणि ९, आणि १९४८ च्या कायद्यात तेच कायम झाले. ह्या उताराबरोबर एक नवा प्रेक्षक दाराशी येऊ लागला. परळला सोशल सर्व्हिस लीगने उभारलेले दामोदर नाट्यगृह १९२२ चे, म्हणजे ६० तासांच्या कायद्याच्याच वर्षीचे. हा योगायोग असेल; पण आम्हांला तो बोलका वाटतो. १९३२ साली मामा वरेरकरांनी 'सोन्याचा कळस' लिहून गिरणीमालक आणि मजूर ह्यांचा झगडा रंगभूमीवर आणला. ज्याची संध्याकाळ रिकामी झाली तो रंगभूमीवर पात्र म्हणूनही आला आणि समोर प्रेक्षक म्हणूनही. मात्र त्याची संध्याकाळ लहान होती. त्याला तीन तास देता येत होते, सहा नव्हे. नाटक तीन तासांचे झाले ह्यात ब्यर्न्सन-इब्सेनचा वाटा आहेच. पण भोंग्याचाही आहे, असे आमचे नम्र म्हणणे आहे.

इथे कुणी विचारील की मग कामगाराला लांब खेळ मुळातच सोसत नाही काय? गिरणगावात कोकणातून आलेला माणूस पुष्कळ. गावी गेला की तो रात्रभर दशावतार पाही. आधी आडदशावतार, त्यात संकासुराची मस्ती, मग आख्यान, आणि उजाडता दहीकाला. दामोदरमध्ये बारा वाजता जांभया देणारा हाच माणूस देवळापुढे पहाटेपर्यंत ताजातवाना कसा?

ह्याचे उत्तर आम्ही स्वतः तळकोकणात एका जत्रेत मांडवाबाहेर बसून पाहिले आहे. तिथे पाहणाऱ्याला कुणी बांधून घातलेले नसते. मनात आले की उठावे, चहाच्या दुकानावर जाऊन यावे, मूल मांडीवर निजवावे, स्वतःही घोंगडीवर आडवे व्हावे, वाद्यांचा आवाज वाढला की पुन्हा जागे व्हावे. झोपलेल्याला तिथे कुणी अरसिक म्हणत नाही. शिवाय जत्रा असते सुगीनंतर. दुसऱ्या दिवशी हजेरी लागायची नसते. (आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आहे, आणि तमाशाच्या फडांनाही त्याची झळ लागली आहे, तो विषय निराळा.) म्हणजे लांबी हा दोष नव्हे. ऐकणाऱ्याची रात्र त्याच्या मालकीची आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. जिथे ती त्याची आहे तिथे सहा तास थोडे; जिथे ती उसनी आहे तिथे अर्धा तासही जाच.

म्हणून 'हल्लीच्या प्रेक्षकाला धीर राहिला नाही' ही तक्रार आम्ही फारशी मनावर घेत नाही. त्यातले काही खरे असेल. पण आधी विचारावे: त्याची पाळी किती तासांची? तो येतो कुठून, परत जातो कसा? २०२५ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवून कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. यंत्रमागावर तर बारा तास पूर्वीपासूनच चालत आले आहेत. लोखंड्यांनी रविवार मिळवला, त्यांच्या मागून आलेल्यांनी संध्याकाळ मिळवली. आणि संध्याकाळ गेली तर तिच्याबरोबर नाटक, वाचनालय आणि ही व्याख्यानमाला ह्यांनाही जावे लागेल. अशा व्याख्यानमालेच्या मांडवात बसलेल्या श्रोत्यांनी ह्याकडे केवळ कामगारांचे गाऱ्हाणे म्हणून पाहू नये.

आता आमच्या चुकीचे पुढे काय झाले, ते सांगून आटोपते घेतो. आम्ही ठरवले की कार्यक्रम छापल्या वेळी सुरू करावयाचा, भाषण दहा मिनिटांवर जाऊ द्यायचे नाही, आणि दहाच्या आत सर्वांना घरी सोडावयाचे. पुढच्या वर्षी त्याच हौशी मंडळींनी अडीच तासांत बसवलेले नाटक केले. साडेसातला पडदा उघडला, दहाला पडला. आम्ही मोठ्या अभिमानाने मामांना शोधावयास गेलो. मामा तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात बसले होते, आणि मान छातीवर टाकून झोपले होते.

आम्ही त्यांना हलवून म्हणालो, "मामा, ह्या खेपेला तर आम्ही वेळेत संपवलं की!"

मामा ओशाळून उठले. म्हणाले, "तुमचं काय बी चुकलं न्हाई, अण्णा. सकाळी सातपासनं सांजच्या सातपतोर मागावर हुतो."

त्या दिवसापासून आम्ही कोणाही झोपलेल्या श्रोत्यावर रागावत नाही. तो किती तास काम करून आला आहे, तेवढे मात्र विचारतो.